हिवतापाच्या दोन वनस्पती आणि त्यांची परीक्षा



वनौषधींचा विषय निघाला की आपल्याकडे सभेचे ताबडतोब दोन तट पडतात. एक तट म्हणतो, पूर्वजांना सारे ठाऊक होते. पोथी उघडा, औषध तयार आहे. दुसरा म्हणतो, झाडपाला हा सारा अडाण्यांचा बाजार. दोन्ही तटांची एक सोय सारखीच आहे. कोणालाच काही तपासून पाहावे लागत नाही. वनस्पतीतले द्रव्य रोगजंतूवर खरोखरच चालते की नाही हे ज्यांनी तपासून पाहिले, त्यांची हकीकत मी आज सांगणार आहे. विषय अफाट आहे, म्हणून एकच रोग घेतो, हिवताप. आणि दोनच वनस्पती, दक्षिण अमेरिकेतला सिंकोना व चीनमधला चिंगहाओ. मी वैद्य नव्हे की रसायनशास्त्रज्ञ नव्हे. माझे आयुष्य कामगार चळवळीत गेले, आणि त्यामुळे कोणताही माल समोर आला की तो कोणाच्या हातांनी झाला हे विचारण्याची खोड जडली आहे. ती खोड या व्याख्यानातही दिसेल.

सिंकोनाची साल सतराव्या शतकात जेझुइट पाद्र्यांमार्फत पेरूकडून युरोपात पोहोचली. ती कडू होती, महाग होती आणि ताप उतरवीत होती. पण दर वेळी नव्हे. एका गोणीतली साल गुण देई, दुसऱ्या गोणीतली नुसतीच तोंड कडू करी. व्यापारी भेसळ करीत हे तर खरेच, पण अस्सल सालींतही जातीजातीगणिक फरक असे. त्यामुळे ही साल औषध आहे की थोतांड यावर वैद्यांत दोनशे वर्षे वाद चालला. तो मिटला १८२० साली. पॅरिसमध्ये पेलेतिए आणि काव्हांतू या दोघांनी सालीतून क्विनीन, म्हणजे आपल्या आजी-पणजीचे कोयनेल, वेगळे काढले. आता वैद्याला सालीऐवजी शुद्ध द्रव्य तागडीत घालून ठरावीक मात्रा देता येऊ लागली. त्याच सालीतून क्विनिडीन, सिंकोनीन आणि सिंकोनिडीन अशी क्विनीनची तीन भावंडेही सापडली. परंतु बाजारात मान एकट्या क्विनीनला. बाकीची तिन्ही जवळजवळ टाकाऊ समजली जात.

इंग्रजांच्या हिंदुस्थानी राज्याला क्विनीनवाचून चालण्यासारखे नव्हते. पलटणी तापाने झोपत होत्या. म्हणून १८६० च्या सुमारास क्लेमेंट्स मार्कहॅमच्या पुढाकाराने सिंकोनाची रोपे आणि बी दक्षिण अमेरिकेतून आणून निलगिरीत लावण्यात आले. थोड्याच वर्षांत दार्जिलिंगकडे मुंगपू येथेही मळे झाले. झाडे जोमाने वाढली. पण त्यांतली पुष्कळशी लाल सालीची होती, आणि तिच्यात क्विनीन कमी व भावंडे अधिक. सरकारपुढे पेच पडला. लाखो झाडे लावून बसलो. आता त्यांतली ही ‘टाकाऊ’ द्रव्ये खरोखरच टाकाऊ आहेत काय?

या प्रश्नातून १८६६ साली मद्रास इलाख्यात एक वैद्यकीय समिती बसली आणि १८६८ पर्यंत तिने जे काम केले ते औषधांच्या इतिहासात जितके सांगितले जावे तितके सांगितले जात नाही. चारही द्रव्ये तापाच्या रुग्णांना देऊन त्यांची आपसांत तुलना करायची, अशी ही योजना होती. एखाद्या वैद्याने आपल्या चारदोन रोग्यांचा अनुभव सांगावा, अशातला हा प्रकार नव्हता. सुमारे ३६०० रुग्णांना ही औषधे देण्यात आली. हिवतापाचा जंतू तोवर कोणीच पाहिलेला नव्हता. लाव्हरां याला तो अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात दिसला तो १८८० मध्ये, आणि डासाच्या पोटात रॉसने तो सिकंदराबादेस पाहिला १८९७ मध्ये. तेव्हा मद्रासकरांपाशी मोजमाप एकच होते: थंडी वाजून येणारी पाळी थांबली की नाही. आजच्या कसोटीला हे मोजमाप अपुरे ठरेल. परंतु प्रश्न नेमका होता, आणि उत्तर असे आले की चारही द्रव्यांनी ९८ टक्क्यांहून अधिक रुग्णांचा ताप थांबतो. भावंडे टाकाऊ नव्हती.

सरकारने हे भूतदयेपोटी केले असे मी म्हणणार नाही. खजिन्यावरचा बोजा आणि बराकीतले शिपाई हेच डोळ्यांपुढे होते. तरीसुद्धा परिणाम चांगला झाला हे नाकारण्यात अर्थ नाही. मुंगपूच्या कारखान्यात साऱ्या द्रव्यांचे एकत्रित स्वस्त औषध तयार होऊ लागले, आणि १८९२ पासून बंगालात पोस्ट कचेऱ्यांतून एका पैशाला क्विनीनची पुडी मिळू लागली. मनिऑर्डर करायला आलेला माणूस खिडकीवरच तापाचे औषध विकत घेऊन घरी जात असे. ही कल्पना ज्या कारकुनाला किंवा अधिकाऱ्याला सुचली असेल त्याला दाद दिली पाहिजे.

सिंकोनाच्या हकीकतीत आणखी एका माणसाचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. मान्वेल इंक्रा मामानी हा बोलिव्हियातला देशी माणूस, चार्ल्स लेजर नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याच्या पदरी होता. कोणत्या झाडाची साल सर्वांत कडक, हे बाहेरून बघून ओळखण्याची नजर त्याच्यापाशी होती. बी परदेशी नेण्यास बोलिव्हियात बंदी होती. योग्य झाडांना चांगले बी धरेपर्यंत तो वर्षानुवर्षे थांबला आणि १८६५ साली ते बी त्याने लेजरच्या हाती दिले. इंग्रज सरकारने ते घेण्याचे नाकारले. डच सरकारने त्यातले थोडेसे विकत घेतले, जावा बेटावर लावले, आणि त्या झाडांच्या सालीत १० टक्क्यांच्याही वर क्विनीन निघाले. इतर जातींत दोन-तीन टक्के म्हणजे पुष्कळ! या मूठभर बियांच्या जोरावर १९३० च्या दशकापर्यंत जगातले नऊदशांशांहून अधिक क्विनीन जावाच्या सालीतून येऊ लागले. मामानी पुन्हा बी गोळा करायला गेला तेव्हा पकडला गेला. तुरुंगात त्याला मारहाण झाली आणि त्यातच पुढे त्याचा अंत झाला. वनस्पतिशास्त्रात त्या झाडाला जे नाव मिळाले ते लेजरचे.

१९४२ साली जपानने जावा घेतले आणि दोस्त राष्ट्रांचे क्विनीन एका फटक्यात तुटले. तेव्हापासून कृत्रिम औषधांना जोर चढला. महायुद्धानंतर क्लोरोक्विनचे राज्य आले. गोळी स्वस्त, गुण खात्रीचा. एखाद्याला वाटले असते की आता झाडांकडे पाहण्याचे कारण संपले. परंतु १९५० च्या दशकाच्या अखेरीस थायलंड-कंबोडियाच्या सरहद्दीवर आणि इकडे कोलंबियात क्लोरोक्विनला दाद न देणारा जंतू आढळू लागला. त्यातच व्हिएतनामचे युद्ध पेटले. जंगलात लढणाऱ्या दोन्ही बाजूंना गोळीइतकेच हिवतापाचे भय होते. अमेरिकी सैन्याने दोन लाखांहून अधिक रसायने तपासली. उत्तर व्हिएतनामने चीनकडे मदत मागितली आणि २३ मे १९६७ रोजी पेकिंग येथे बैठक भरून गुप्त काम सुरू झाले. पाचव्या महिन्याची तेविसावी तारीख, म्हणून त्याचे नाव ‘५२३ प्रकल्प’. पुढे त्यात सुमारे साठ संस्था आणि पाचशेहून अधिक संशोधक गुंतले.

काळ सांस्कृतिक क्रांतीचा. विद्यापीठे बंद, प्राध्यापक शेतांवर पाठवलेले, प्रयोगशाळांना कुलपे. अशा दिवसांत १९६९ च्या जानेवारीत पेकिंगच्या पारंपरिक चिनी वैद्यक अकादमीतील टू यूयू या अडतीस वर्षांच्या बाईंना एका तुकडीचे प्रमुख नेमण्यात आले. शिक्षण आधुनिक औषधनिर्माणशास्त्राचे, शिवाय जुन्या चिनी वैद्यकाचा अडीच वर्षांचा अभ्यास. थोरली मुलगी बालगृहात आणि धाकटी आजोळी ठेवून त्या कामाला लागल्या. जुने ग्रंथ आणि जाणत्या वैद्यांच्या मुलाखती यांतून त्यांच्या तुकडीने २००० नुसखे जमवले आणि त्यांतले ६४० निवडून एक पुस्तिका केली.

आता येथे थोडे थांबू या, कारण आपल्या पहिल्या तटाचा मुक्काम येथेच पडतो. नुसखे जमले, ग्रंथ सापडला, मग राहिले काय? राहिले हे की दोन हजारांपैकी कोणता खरा, हे ग्रंथ सांगत नाही. ग्रंथकाराने ज्या विश्वासाने खरा उपाय लिहिला त्याच विश्वासाने शेजारचे दहा निरुपयोगी उपायही लिहिले. छांगशान नावाच्या मुळीचेच पाहा. ती जंतूवर खरोखर चालते हे १९४० च्या दशकातच चिनी संशोधकांनी दाखवले होते. पण ती घेतली की रुग्णाला ओकाऱ्यांनी जीव नकोसा होतो.

परीक्षा घ्यायची तर कोणावर? माणसाचा हिवताप उंदराला होत नाही. पूर्वी कोंबड्या आणि इतर पक्ष्यांच्या हिवतापावर औषधे तपासली जात, पण पक्षी आणि माणूस यांत अंतर फार. १९४८ साली बेल्जियन काँगोच्या काटांगा भागात जंगली उंदरांच्या रक्तात हिवतापाचा एक जंतू सापडला आणि तो प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांत वाढू लागला. हे साधन नसते तर पुढची गोष्ट घडती की नाही याची मला शंका आहे. रीत अशी: उंदराला जंतू टोचायचा, काही उंदरांना अर्क द्यायचा, काहींना नाही, मग शेपटीतून थेंबभर रक्त घेऊन ते काचपट्टीवर पसरायचे, रंगवायचे आणि दुर्बिणीखाली लाल पेशी मोजत बसायचे. शंभरात किती पेशींत जंतू? काल किती होते, आज किती आहेत? दिवसभर मोजणाऱ्याच्या मानेला आणि डोळ्यांना काय होते हे कापड गिरणीतल्या तपासनिसाला विचारा. पंचांग पाहिल्यासारखे एकदा पाहून भागत नाही. टू यांच्या तुकडीने अशा ३८० अर्कांची परीक्षा घेतली.

त्यांत चिंगहाओचा एक अर्क होता. प्रथम त्याने ६८ टक्के जंतू दाबले. सारे हरखले. पुन्हा करून पाहिले तर आकडा ४० वर आला, कधी तर १२ वर. कित्येकांनी तो येथेच सोडून दिला असता, आणि त्यांना दोष देता आला नसता. टू पुन्हा ग्रंथांकडे वळल्या. चौथ्या शतकातील गे होंग या वैद्याच्या तातडीच्या उपायांच्या पुस्तकात हिवतापासाठी चिंगहाओ सांगितला आहे. पण तो उकळायला सांगितलेला नाही. मूठभर पाला पाण्यात भिजवायचा, पिळायचा आणि तो रस प्यायचा. आपल्याकडे काय, चीनमध्ये काय, औषध म्हटले की काढा आणि काढा म्हटला की आटवणे, हा हाताला लागलेला वळसा. टू यांच्या मनात आले की उष्णतेनेच गुण मरत असेल. मग त्यांनी ईथर घेतले, जे सुमारे ३५ अंशांवरच उकळते. शिवाय कोणता पाला, तेही ठरवावे लागले. चिंगहाओ या नावाखाली अनेक वनस्पती खपत. गुण निघाला तो एकाच जातीत, तोही देठांत नव्हे तर पानांत, आणि फुलोऱ्यापूर्वी खुडलेल्या. पेकिंगच्या आसपासच्या झाडांत सत्त्व जेमतेम होते. अर्कातून आम्ल भाग काढून टाकला, कारण तो विषारी होता आणि निरुपयोगीही. उरलेल्या उदासीन भागाचा नमुना क्रमांक १९१. त्याची परीक्षा ४ ऑक्टोबर १९७१ रोजी झाली आणि उंदरांच्या रक्तात जंतू औषधालाही उरला नाही. वर्षअखेर माकडांवरही तोच निकाल आला.

येथे एक कानगोष्ट. हा चिंगहाओ आणि चैत्रात आपण जोतिबाला वाहतो तो दवणा एकाच कुळातले, आर्टेमिसियाच्या गोतातले आहेत. म्हणून कोणी घरी जाऊन दवणा पिळून पिऊ नये. गोत एक असले म्हणजे गुण एक असतो असे नाही, हे तर आता आपण पाहिलेच.

नमुना हाती आला, पण माणसांना द्यायचा तर अर्क पुष्कळ हवा, आणि औषधांचे कारखाने बंद. मग तुकडीने घरगुती पाण्याचे रांजण आणले आणि त्यांत ईथर ओतून पाला भिजवला. ईथरची वाफ डोक्यात जाते, ठिणगीने पेट घेते. हवा खेळती ठेवण्याची सोय नाही, तोंडाला धड आच्छादन नाही. माणसे आजारी पडली. टू यांना स्वतःला काविळीने गाठले. हा भाग वाचताना मला विज्ञानापेक्षा कारखाना कायद्याचीच आठवण अधिक झाली. त्या मंडळींची जिद्द मोठी, हे मान्य; परंतु माणसांना विषारी वाफेत उभे करणारी व्यवस्था त्या जिद्दीने निर्दोष ठरत नाही.

पुढे प्राण्यांवरील काही प्रयोगांत विषारीपणाची शंका निघाली. अधिक प्रयोग करावे तर हिवतापाचा हंगाम निघून जाणार. तेव्हा १९७२ च्या जुलैत टू आणि त्यांचे दोन सहकारी इस्पितळात दाखल झाले आणि देखरेखीखाली त्यांनी स्वतःच तो अर्क घेतला. काही अपाय झाला नाही. त्यानंतर हैनान बेटावरच्या २१ रुग्णांना तो देण्यात आला. ताप उतरला, रक्तातले जंतू नाहीसे झाले. नोव्हेंबरात अर्कातून शुद्ध स्फटिक निघाला, तोच चिंगहाओसू, ज्याला जग आर्टेमिसिनीन म्हणते. पुढल्या वर्षी त्याच्या गोळ्या करून दिल्या तर गुण येईना. सारे घाबरले. तपासता असे दिसले की गोळी कठीण दाबली गेल्याने पोटात विरतच नव्हती! तीच पूड कॅप्सूलमध्ये भरून दिली आणि औषध चालले.

या द्रव्याच्या रेणूत प्राणवायूच्या दोन अणूंचा एक पूल असतो. हिवतापाचा जंतू आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन खातो आणि त्यातले लोह मोकळे होते. त्या लोहाशी गाठ पडताच पूल तुटतो आणि त्यातून निघणारे तीव्र कण जंतूलाच जाळतात. उकळल्याने गुण का जात असावा याचा अंदाज या नाजूक पुलावरून बांधता येतो.

आता श्रेयाचा प्रश्न, ज्यावर आजही वाद होतो. १९७७ साली चिनी नियतकालिकात या द्रव्याच्या रचनेचा पहिला निबंध छापला गेला तेव्हा त्यावर एकाही माणसाचे नाव नव्हते. ‘सहकारी संशोधन गट’ एवढेच. १९७९ मध्ये २०९९ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला, तोही निनावी. २०१५ साली नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग एकट्या टू यांना मिळाला आणि अनेकांची मने दुखावली. युन्नानमध्ये लुओ झेयुआन यांनी तिकडच्या वनस्पतीतून १९७३ साली स्फटिक काढला होता. त्या भागातल्या पाल्यात सत्त्व अधिक होते. ते स्फटिक घेऊन ली ग्वोछ्याओ यांनी १९७४ मध्ये युन्नानच्या सरहद्दीवरील जीवघेण्या हिवतापाच्या रुग्णांवर उपचार केले, आणि मेंदूपर्यंत पोहोचलेल्या तापातही हे औषध चालेल ही आशा तेथून उभी राहिली.

माझ्या काही मित्रांना वाटेल की मी संघटनेचा माणूस, तेव्हा निनावी निबंधाचीच बाजू घेईन. मी ती घेत नाही. ईथर वापरण्याचा निर्णय समितीच्या ठरावाने झालेला नव्हता. तो एका बाईच्या डोक्यातून निघाला, आणि तसे म्हटल्याने सामुदायिक कामाला कमीपणा येत नाही. पण निनावीपणात जो मोजणारा, पाला खुडणारा, रांजण ढवळणारा हरवला तो पारितोषिकातही हरवलेलाच राहिला. पाटीवर ‘गट’ लिहिल्याने गटातल्या माणसांना न्याय मिळतो असे नाही. हजेरीपुस्तकात जशी प्रत्येकाची ओळ असते तशी नावे लिहिणे अवघड नव्हते.

जुने क्विनीन आणि नवे आर्टेमिसिनीन यांची समोरासमोर गाठ पडली ती मात्र आपल्या भूमीवरही. गंभीर हिवतापात शिरेतून क्विनीन देणे हीच पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. आर्टेमिसिनीनपासून बनवलेले आर्टेसुनेट तिच्याहून सरस आहे काय, हे ठरवण्यासाठी २००३ ते २००५ या काळात बांगलादेश, भारत, म्यानमार आणि इंडोनेशिया येथील १४६१ रुग्णांवर चाचणी झाली. भारतातले ठिकाण होते राउरकेल्याचे इस्पात जनरल हॉस्पिटल, पोलाद कारखान्याच्या कामगारांसाठी उभारलेले. कोणत्या रुग्णाला कोणते औषध, हे चिठ्ठीने ठरे. वैद्याच्या मर्जीला वाव नव्हता. क्विनीन घेतलेल्यांत शंभरातले २२ दगावले, आर्टेसुनेट घेतलेल्यांत १५. फरक इतका उघड झाला की देखरेख समितीच्या सल्ल्याने चाचणी मुदतीपूर्वीच थांबवण्यात आली. पुढे आफ्रिकेतील ५४२५ मुलांवर तीच तुलना होऊन २०१० साली निकाल आला, तोही आर्टेसुनेटच्याच बाजूने. मद्रासच्या समितीने विचारलेला प्रश्न, म्हणजे यांतले अधिक चांगले कोणते, तो सुमारे १४० वर्षांनी अधिक काटेकोरपणे विचारला गेला आणि सालीने पाल्याला जागा करून दिली.

पाल्याचे राज्यही निर्वेध नाही. एकटे आर्टेमिसिनीन देत राहिल्यास जंतू त्याला सरावेल या भीतीने जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली ते नेहमी दुसऱ्या औषधाच्या जोडीनेच द्यावे असे बजावले. भारतात एकट्या गोळ्यांवर २००९ मध्ये बंदी आली. तोवर पश्चिम कंबोडियातील पाइलिन येथे व्हायचे ते सुरू झाले होते. तेथील ४० रुग्ण आणि थायलंडच्या वायव्य सरहद्दीवरचे ४० रुग्ण यांची तुलना २००९ साली प्रसिद्ध झाली. थायलंडमध्ये रक्तातला जंतू साफ व्हायला ४८ तास लागत होते, पाइलिनमध्ये ८४. दोन्हीकडे रुग्ण बरे होत होते. ताप उतरत होता, माणसे उठून घरी जात होती, आणि नुसत्या डोळ्यांना काहीच वावगे दिसले नसते. ते दिसले रात्रंदिवस ठरावीक तासांनी रक्ताची काचपट्टी घेऊन पेशी मोजीत बसलेल्या माणसांना.